आधी पुंगळी दाखवा

दिग्रसच्या बाजारात बंदुका दुरुस्त करणारा बशीर मिस्त्री म्हणून ज्यांना मी माहीत आहे, त्यांना माझी एक खोडही माहीत आहे. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं आणि खोळीतून बंदूक काढू लागलं की मी हात वर करायचो. म्हणायचो, "बंदूक राहू दे भौ. आधी पुंगळी दाखव."

पुंगळी म्हणजे काडतूस उडाल्यावर मागे उरतं ते पितळेचं रिकामं भांडं. गोळी निघून जाते, दारू जळून जाते, पुंगळी तेवढी हातात राहते. नळीच्या पोटात त्या क्षणी काय झालं हे फक्त तिनं पाहिलेलं असतं. बंदूक घेऊन येणारा माणूस थोडंफार खोटं बोलतोच. "पडली नाही हो मिस्त्री, खुंटीलेच होती." "तेल तर रोज देतो." माझे अब्बा याच दुकानात बसायचे. ते म्हणायचे, हकीम आधी जीभ पाहतो, आपण पुंगळी पाहायची. बुडाची टोपी, जिच्यावर घोड्याचा ठोका पडतो ती, किती चपटली, अंगावर ओरखडा कुठे आहे, फुगली कुठे, काळी कुठे पडली. एवढं पाहिलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे गिऱ्हाइकाला ते पटवणं, आणि ते जास्त कठीण.

लोक विचारतात, शिकार तर कधीचीच बंद झाली, मग तुमच्याकडे येत कोण होतं? येत होते बाप्पा, खूप येत होते. बँकेचे पहारेकरी यायचे, ज्यांच्या बंदुकीतून उभ्या नोकरीत एक बार निघालेला नसतो. पीक राखायचा परवाना असलेले कास्तकार यायचे, कारण रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, यांना शिकारबंदीचं चांगलंच कळलेलं आहे. ढाणकीकडचे एक पाटील बंदुकीला भक्तिभावानं सरकीचं तेल पाजायचे. थंडीत त्या तेलाचा असा चिकटा व्हायचा की घोडा ओढता ओढवत नसे. झरी जामणीहून आलेल्या एका बंदुकीच्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं होतं, आणि मालक म्हणत होता की नेम जरा डावीकडे जातो. मी त्याला म्हटलं, तुझं नशीब उजवीकडे आहे म्हणून तू इथवर आलास.

आता मॅग्नमचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

यवतमाळचा एक ठेकेदार मोबाइल पाहता पाहता दुकानात आला. परवाना नवा, उत्साह त्याहून नवा.

"मिस्त्री, तीनशे मॅग्नम घेऊ का सात एमएम मॅग्नम? हे पाहा, हजार यार्डावर ठोकून राह्यले लोक."

"तुमचं वावर केवढं हाय?"

"हाय ना बारा एकर."

"मंग हजार यार्डावर दुसऱ्याचं वावर येते भौ. तिथं कोणी निंदून राह्यलं असन."

ठेकेदार हसला. पण त्याचा प्रश्न खोटा नव्हता, म्हणून चहा मागवून मी त्याला नीट समजावलं. साधी रायफल आणि तीनशे मॅग्नम या दोघींची गोळी बहुधा एकाच जाडीची असते. फरक मागच्या भांड्याचा. मॅग्नमची पुंगळी मोठी, तिच्यात दारू जास्त, म्हणून तीच गोळी जास्त वेगानं निघते आणि लांबवर जाताना कमी वाकते. सात एमएम मॅग्नमची गोळी बारीक, लांबट. ती वाऱ्याला कमी बधते आणि खांद्यालाही जरा कमी हाणते. तीनशे पंच्याहत्तर मॅग्नम म्हणजे भरलेला ट्रक. वेग बेताचा, पण समोर गवा असला तरी त्याला थांबावंच लागेल. ज्या मुलखात मैलोगणती मोकळी माळरानं आहेत आणि जनावर पलीकडच्या डोंगरावर दिसतं, तिथं या सगळ्या तुलनेला अर्थ आहे. आपल्याकडे डुक्कर तुरीतून निघतं तेव्हा दगड मारला तर लागेल इतक्या जवळ असतं. तिथं मॅग्नमचा आवाज तेवढा पदरात पडतो, आणि गोळी डुकरातून निघून पुढे कोणाच्या गोठ्यात जाईल ते सांगता येत नाही. ठेकेदारानं शेवटी बारा बोर, म्हणजे साधी छऱ्यांची बंदूक, घेतली आणि अजून मला दिवाळीला चिवडा पाठवतो.

मॅग्नमची आणखी एक गोष्ट. जुन्या मॅग्नम पुंगळ्यांच्या बुडाशी पितळेचाच एक जाड पट्टा असतो, कमरपट्ट्यासारखा. पितळ थकतं ते त्या पट्ट्याच्या जरासं वर. परदेशात हौशी लोक उडालेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरतात. त्याला सोनाराचा तराजू लागतो, आणि दारूची जात ओळखावी लागते, कारण एका जातीचं माप दुसरीला लावलं तर जीव जातो. आपल्याकडे परवान्याशिवाय ते भरणं गुन्हा आहे. माझ्याकडे दुरुस्तीचा परवाना होता, भरण्याचा नव्हता, आणि भल्याभल्यांनी गळ घातली तरी मी एक काडतूस कधी भरलं नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

आमच्या जुन्या लोकांचं भरणं मात्र वेगळंच. भरमार म्हणजे तोंडाकडून ठासायची बंदूक. तिच्यात काळी दारू घालून गजानं ठासतात, आणि गज नळीबाहेर किती बोटं उरला त्यावरून माप धरतात. हिच्यात तीन बोटं, तिच्यात चार बोटं. ती दारू धुराची, दमानं जळणारी, नळी जाड लोखंडाची. अर्धं बोट इकडंतिकडं झालं तर धूर जास्त होतो आणि खांदा दुखतो, बाकी काही नाही. त्या मापावर कित्येक पिढ्यांनी पिकं राखली.

या बोटांच्या मापातला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे हरचंद नाईक. दिग्रसहून पुसदकडे जाताना आत एक बंजाऱ्यांचा तांडा आहे, त्याचे ते नाईक, म्हणजे प्रमुख. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. ते सांगताना म्हातारा असा ताठ व्हायचा, जणू बैल बाहेरच उभे आहेत. त्या तांड्यात एक रीत होती. राखणीचा हंगाम सुरू झाला की परवान्याच्या सगळ्या भरमार नाईकांपुढे आणून ठेवायच्या आणि पहिला बार त्यांच्या हातून भरून घ्यायचा. नाईकाच्या बोटाची बरकत म्हणत. त्यांच्या हातच्या भरण्यानं एक नळी कधी फाटली नाही, हे पंचक्रोशीत कोणीही सांगेल आणि मीही सांगतो.

आणि त्यांच्या घरात होती तीनशे मॅग्नम. नाईकांचे वडील शिकारबंदीच्या आधी साहेबलोकांना जंगल दाखवायचे. त्यातल्या एकानं जाताना ती रायफल रीतसर परवान्यावर त्यांना दिली. पुढे परवाना नाईकांच्या मुलाच्या, प्रेमसिंगच्या नावावर झाला. माझ्या दुकानाची पायरी चढलेल्या बंदुकांत तिच्याएवढी देखणी दुसरी नाही. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आणि बोल्ट, म्हणजे पुंगळीच्या मागे बसणारा लोखंडी अडसर, असा की करंगळीनं सरकावा. तिच्या नळीतून उजेडाकडे पाहिलं की डोळे निवायचे. एकच अडचण होती, तिची काडतुसं मिळेनाशी झाली होती.

त्या वर्षी हरभरा घाट्यावर आला, दाणे भरू लागले, आणि डुकरांनी तांड्याची झोप उडवली. वनखात्याची परवानगी मिळाली होती. एका सकाळी प्रेमसिंग दुकानात आला. चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस, मला चाचा म्हणायचा. त्यानं बंदूक खोळीतून काढलीच नाही. मी मागायच्या आधीच खिशातून पुंगळी काढून माझ्यापुढे ठेवली.

"चाचा, बोल्ट उघडत नाही. लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकून उघडला."

मी पुंगळी हातात घेतली आणि उजेडाला धरली. बुडाची टोपी लाटलेल्या पोळीसारखी सपाट झालेली. बुडावर बोल्टचा ठसा उमटलेला. पट्ट्याच्या जरासं वर एक चकचकीत रेघ गोल फिरून आलेली. हे कंपनीतलं काडतूस नव्हतं.

"कोणी भरलं हे?"

"बानं."

"काय भरलं?"

"दुसऱ्या काडतुसातली दारू काढली. काडी घालून बोटावर मोजली." तो जमिनीकडे पाहत होता. "बार उडाला, पण डुक्कर निघून गेलं. बा म्हणे जोर कमी पडून राह्यला. आता सगळ्यात अजून जराशी वाढवली हाय. भरून ठेवले बानं. इतवारी राखणीले बसाचं हाय."

मी स्टुलावर बसलो. वाचणाऱ्यांसाठी सांगतो. भरमारची सवय भरमारपुरती. रायफलच्या काडतुसात ती सवय चालवली की काय होतं ते त्या पुंगळीनं सांगितलंच होतं, पहिल्याच बाराला ती फाटता फाटता राहिली होती. पुढचा बार त्याहून जड. पुंगळी फाटली म्हणजे तो सगळा आगीचा लोट मागे येतो, बोल्टच्या बाजूनं. आणि नेम धरणाऱ्याचा गाल तिथंच दस्त्याला टेकलेला असतो, उजवा डोळा बोल्टपासून वीतभरावर. तो गाल आणि तो डोळा माझ्यासमोर उभा होता.

"ही रायफल आता तुले वापस भेटणार नाही," मी म्हटलं. "माह्या दुकानात राहीन. आन् ते काडतुसं कोणी हातात घेऊ नका."

मला वाटलं आता भांडण होईल. हरभरा घाट्यावर, परवानगी हातात, परवाना त्याच्या नावाचा. मला कोणता अधिकार? पण प्रेमसिंगनं माठातलं पाणी घेतलं, प्यायला, "ठीक हाय चाचा" म्हणाला आणि गेला. मी चक्रावलो. म्हटलं, या माणसाला बहुतेक कळलंच नाही काय होणार होतं ते.

भांडण दुसऱ्या दिवशी आलं, पुसदच्या एसटीनं. हरचंद नाईक काठी टेकत, पागोटं सांभाळत आले आणि पायरीवरूनच सुरू झाले.

"बशीर, तू कोतवाल झाला का बे? माही बंदूक काहून ठेवून घेतली?"

"बसा नाईकसाहेब."

"बसत नाही. तू पाळण्यात होता तवापासून मी भरून राह्यलो. एक नळी फाटली का माह्या हातानं? सांग ना. या लोकायले सांग."

कापूस विकायला आलेली चारदोन माणसं खरंच थांबली होती. माझी अवस्था काय सांगू. त्यांचं माप चुकलं हे म्हणणं म्हणजे त्यांची बरकत गेली म्हणणं, आणि तेही लोकांसमोर. ऐंशीच्या घरातला माणूस. तांड्यानं ज्याच्या बोटावर भरवसा ठेवला, त्याच्या बोटाला मी खोटं पाडायचं. आणि तसं न म्हणावं तर रविवारी प्रेमसिंगचा चेहरा जाणार. मी लोकांना हात जोडून वाटेला लावलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.

मग मी पुंगळी शिकंज्यात धरली आणि करवतीनं उभी चिरली. नाईक बडबड करत होते, पण नजर माझ्या हातावर होती. कारागिराला दुसऱ्याचा हात चालताना पाहिल्याशिवाय राहवत नाही. चिरलेला अर्धा तुकडा मी त्यांच्या हातात दिला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, म्हणून म्हटलं, "आतून नख फिरवा. बुडापासून वर."

त्यांनी नख फिरवलं. पट्ट्याच्या वर येताच नख अडलं. त्यांनी परत फिरवलं. परत अडलं.

"इथं खाच पडून राह्यली," ते म्हणाले. आवाज खाली आला होता.

"तिथं पितळ कागदावानी राह्यलं नाईकसाहेब. ही दारू आपली काळी दारू नाही. हिले बोटाचं माप समजत नाही. अजून वाढवली तर तिथून फाटन, आन् मांगं येईन."

मी रायफल आणली, रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि त्यांच्या खांद्याला लावून दिली. जन्माची सवय, गाल आपोआप दस्त्यावर टेकला. मी माझं बोट बोल्टवर ठेवलं आणि तिथून सरळ त्यांच्या उजव्या डोळ्यापर्यंत नेलं. पापणीला लागलं तेव्हा ते दचकले.

रायफल खाली आली. म्हातारा स्टुलावर बसला आणि बराच वेळ त्या चिरलेल्या पितळेत नख घालत राहिला. मग म्हणाला, "छोरा म्हणे बा, बोल्ट जाम होते. मी त्याले म्हणलं, भेऊ नको, बापाच्या हातचं हाय."

मी माठातलं पाणी दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "बशीर, एक काम कर माह्यं. तांड्यात सांग का नळी गेली. बंदूक म्हातारी झाली म्हण. हरचंदचं बोट चुकलं, हे प्रेमसिंगले समजू देऊ नको."

आता ही मागणी माझ्यासाठी साधी नव्हती. बंदुकीच्या मिस्त्रीची एकच इज्जत असते. चांगल्याला चांगलं म्हणायचं, खराबला खराब, मग समोर कोणीही असो. ती नळी आरशासारखी होती. तिला मी खराब म्हणायचं? पण समोर बसलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी काही मागत होता. मी अट घातली की भरलेली सगळी काडतुसं माझ्यापुढे आली पाहिजेत. परत जाणाऱ्या एसटीनं ते गेले आणि शनिवारी स्वतः घेऊन आले, धोतराच्या सोग्यात बांधून. ती आम्ही ठाण्यात नेऊन दिली. ठाणेदार आम्हा दोघा म्हाताऱ्यांवर भरपूर ओरडला, आणि आम्ही शाळेतल्या पोरांसारखं खाली मान घालून ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर नाईक म्हणाले, लय दिवसांनी कोणी रागावलं.

प्रेमसिंग आणि तांड्यातली मंडळी आली तेव्हा मी खणखणीत आवाजात सांगितलं, "नळी गेली. आतून खाल्ली. आता ही बंदूक चालवायची नाही." प्रेमसिंगनं मान हलवली. त्यानं रीतसर बारा बोर घेतली, कंपनीची काडतुसं घेतली. नाईक त्याच्या शेजारी बसून हुकूम सोडत राहिले, आणि नवी काडतुसं आधी त्यांच्या हाताला लावून घ्यायची अशी रीत तांड्यानंच पाडली. भरायचं काही उरलं नव्हतं, नुसता हात लावायचा.

रायफल प्रेमसिंगच्या नावानं माझ्याकडेच जमा राहिली. मी दुकान मुलाच्या हाती दिलं, तरी तिला तेल द्यायचं काम माझं मीच ठेवलं. कोणी विचारलं की सांगायचो, नळी गेली तिची. दरवेळी तोंड कडू व्हायचं. तिच्या नळीतून तेलाचा कापूस ओढता ओढता मी मनातल्या मनात अब्बांची माफी मागायचो.

गेल्या हिवाळ्यात हरचंद नाईक गेले, झोपेतच गेले. दिवसकार्य झाल्यावर प्रेमसिंग दुकानात आला. आमच्या गप्पा झाल्या, चहा झाला. मग तो म्हणाला, "चाचा, ती नळी चांगली हाय ना?"

मी रायफलच्या कपाटाकडे पाहिलं.

"मले तवाच माहीत होतं. पुंगळीवरची रेघ मी घरीच पाह्यली होती. बाचं बोट धरून तुमच्या दुकानात येऊन राह्यलो लहानपणापासून. तेवढं तर शिकलोच असन ना."

"मंग बापाले काहून नाही सांगतलं बे?"

"बापाच्या हातच्या भरण्याले नाही कसं म्हणू चाचा? अख्खा तांडा भरून घेते त्याच्या हातून, आन् पोरगा म्हणे मले नको? तो तवाच मेला असता." त्यानं कप खाली ठेवला. "तुम्ही नाही म्हणू शकत होते. म्हणून पुंगळी घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही जर रायफल दुरुस्त करून वापस देली असती, तर इतवारी मी बसलो असतो."

"बसला असता?"

"बसलो असतो. दुसरं काय करतो?"

बाप मुलापासून लपवत होता, मुलगा बापापासून, आणि मधे मी बसून एका निर्दोष बंदुकीला शिव्या देत होतो. मी चिडून म्हटलं, इतकी वर्षं मला खोटं बोलायला लावलं तुम्ही दोघांनी मिळून. प्रेमसिंग हसला आणि हसता हसता रडला.

मी हे लिहू का म्हणून त्याला विचारलं, तर म्हणाला लिहा, आता बाला कोण काय म्हणणार. म्हणून लिहिलं. जन्मभर लोक माझ्याकडे बंदुका दुरुस्त करायला घेऊन आले. हा एक माणूस स्वतःचा जीव घेऊन आला, माझ्या तोंडून "नाही" ऐकायला, आणि त्यानं एकदाही मागितलं नाही. एवढा भरवसा एखाद्या कारागिरावर कोणी टाकावा, यापुढे मला कोणाचं शिफारसपत्र नको.

जाताना प्रेमसिंग म्हणाला, एकदा दाखवा. मी कपाट उघडून रायफल काढली, बोल्ट काढून बाजूला ठेवला आणि नळी दाराच्या उजेडाकडे धरली. आत स्वच्छ प्रकाश होता, टोकापर्यंत. मी त्यालाही पाहायला दिलं. मग बाजारातल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "नळी चांगली आहे. ही बंदूक उत्तम आहे." दोघंतिघं वळून पाहू लागले, म्हणून मी पुन्हा एकदा म्हटलं.